बिनतारी बटण आणि आपला हात

मित्रांनो, आज शाळेत येताना तुम्ही घरातील पंखा बंद केला होता का? नीट आठवून पाहा. आठवत नसेल, तर हा पाठ तुमच्यासाठीच आहे.

आता बाजारात बिनतारी बटणे, प्लग आणि दिवे मिळतात. ते वायफायने मोबाइलशी जोडतात. मग दूर बसूनही घरातील पंखा बंद करता येतो. ठरलेल्या वेळी दिवा आपोआप विझतो. यामुळे विजेची बचत होते, असे विक्रेते सांगतात. हे खरे आहे का? आपण हिशेब करून पाहू.

१००० वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. रिकाम्या खोलीत तो रोज ८ तास फिरला, तर २५ दिवसांत १५ युनिट वीज वाया जाते. बिनतारी बटण ही वीज वाचवू शकते. हा त्याचा फायदा मान्य केला पाहिजे.

पण दुसरी बाजूही पाहा. बिनतारी दिवा विझलेला दिसला, तरी मोबाइलच्या संदेशाची वाट पाहत तो जागाच असतो. जागे राहायलाही वीज लागते. समजा, ती अर्धा वॅट आहे. ९ वॅटचा दिवा रोज ४ तास लावला, तर ३६ वॅट-तास वीज लागते. उरलेले २० तास जागे राहण्यासाठी तो आणखी १० वॅट-तास वीज घेतो. साधा दिवा हाताने बंद केला, तर हा जादा खर्च होतच नाही!

म्हणून माझे मत असे आहे, की आधी जुना ६० वॅटचा बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी दिवा लावावा. टीव्ही रिमोटने नव्हे, तर भिंतीवरच्या बटणाने बंद करावा. एवढे करूनही जिथे विसर पडतो किंवा जिथे आजारी माणसाचा हात पोहोचत नाही, तिथेच बिनतारी बटण घ्यावे.

हा प्रश्न केवळ अब्बांच्या खिशाचा नाही. महाराष्ट्रातील बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणी कोळसा जाळून तयार होते. आपण वीज वाया घालवली, की तिथे धूर आणि राख वाढते.

आज घरी गेल्यावर विजेचे बिल मागून घ्या. त्यावरील युनिटचा आकडा वहीत लिहा. पुढच्या महिन्यात तो कमी करून दाखवा. त्यासाठी लागणारे सर्वांत स्वस्त साधन तुमच्याजवळच आहे. ते म्हणजे तुमचा हात!