दोघींची एक, एकीच्या दोन

"ह्यात माझी आई कुटं हाय गं?"

आत्याने हा प्रश्न विचारला तेव्हा मी तिला आमच्या घराण्याची वंशावळ संगणकावरून वाचून दाखवत होते. आत्या एकोणनव्वद वर्षांची. दिसते कमी, ऐकू मात्र नीट येते. पणजोबा, आजोबा, त्यांचे भाऊ, त्यांची मुले, नातवंडे, पुण्या-मुंबईची, अमेरिकेतली, अशी नावे मी वाचत गेले. ती मान डोलवत होती. यादी संपली आणि तिने एवढेच विचारले. मी पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. आत्याची आई त्यात नव्हती. आत्याही नव्हती.

त्या दोघींना तिथून घालवणाऱ्यांत मी स्वतः होते. सोलापुरात इतकी वर्षे विडी कामगार बायकांबरोबर काम केलेली, शिबिरांत 'बाईची ओळख' या विषयावर तास घेणारी मी. म्हणून हा लेख आधी कबुली आहे, मग मत.

झाले ते असे. माझ्या भाच्याने इंटरनेटवरच्या एका सामाईक वंशावळीत आमचे घराणे चढवले. अशा ठिकाणी प्रत्येकाचे झाड वेगळे नसते. जगातल्या सगळ्यांचे मिळून एकच झाड व्हावे अशी कल्पना असते. त्यामुळे एकाच पणजोबांची नोंद चार चुलत घरांतून चार वेळा होते. मतदार यादीत जशी दुबार नावे, तशा ह्या दुबार नोंदी. त्या शोधून एकत्र करायच्या असतात. 'ही दोन माणसे एकच असावीत' असे यंत्र सुचवते, आणि घरातल्या कोणीतरी होय म्हणायचे असते. भाच्याने ते काम माझ्याकडे दिले. म्हणाला, "मावशी, जुन्या माणसांचं तुलाच माहीत."

आमच्या आजोबांची दोन लग्ने झाली. थोरली आजी १९३८ साली गेली, तेव्हा आत्या दोन वर्षांची होती. १९४० साली आजोबांनी चौदा वर्षांच्या मुलीशी दुसरे लग्न केले. ती माझी आजी. तिचे माहेर इंडीकडचे, घरची भाषा कानडी. माहेरी तिला नदीचे नाव होते. अक्कलकोटच्या बाजूला आमच्या घरी आली आणि तिला देवीचे नाव मिळाले. ते तिच्यासाठी निवडलेले नव्हते, थोरलीचेच होते. घराला त्या हाकेची सवय होती म्हणे. (घरच्यांची नावे इथे मुद्दामच देत नाही. सगळ्यांना विचारलेले नाही, आणि ज्यांना विचारायला हवे होते त्या राहिल्या नाहीत.)

वंशावळीत मला एकाच नावाच्या, एकाच नवऱ्याच्या, एकाच गावच्या दोन बायका दिसल्या. एकीला जन्मसाल होते, दुसरीला नव्हते. मी त्या एक केल्या. दुबार नोंद काढली, बरे वाटले. काही महिन्यांनी तिथे इशारा उमटला: आई १९२६ सालची, मुलगी १९३६ सालची, हे शक्य नाही. दूरच्या एका चुलत भावाने तो पाहिला आणि चुकून जोडलेली मुलगी समजून आत्याला काढून टाकले. तिकडे आजीच्या माहेरच्या कोणी चढवलेली नदीच्या नावाची मुलगी, जन्म १९२६, राज्य कर्नाटक, लग्न नाही, मूलबाळ नाही, अशी एकटीच उभी होती. तीच माझी आजी!

दोघींची एक झाली, आणि त्यांतल्याच एकीच्या दोन झाल्या. कोणी खोटे लिहिले नव्हते. सगळे साफसफाई करत होते.

आत्याच्या प्रश्नानंतर मी तिच्याशेजारी बसून सगळे पुन्हा विचारले. माझ्या आजीच्या गळ्यात मंगळसूत्राजवळ चांदीचा एक लहानसा टाक असे. आम्हा पोरींना तो देवीचा वाटे. तो सवतीचा टाक होता. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीच्या नावाने गळ्यात बाळगायचा. आत्या म्हणाली, "धाकट्या आईच्या गळ्यात माझी आई हुती." सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या घराने थोरलीसाठी निदान एवढी जागा ठेवली होती. मी तीही पुसली.

पुरुषांच्या दुबार नोंदी जुळवणे सोपे आहे. स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव, जन्मापासून मरेपर्यंत तेच. बाईची ही तिन्ही लग्नात बदलतात. मग तिला शोधायचे कशावरून? रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. १८७३ साली लग्न झाले आणि यमुना संपली. डॉ. आनंदीबाई जोशी, त्याही माहेरच्या यमुना. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. बाया कर्वे तर एकट्या तीन नोंदींच्या धनीण: जोशांची गोदूबाई, बालविधवा गोदूबाई नातू, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर आनंदीबाई कर्वे. आता पाहा, एक आनंदीबाई माहेरची आणि सासरचीही जोशी, दुसरी आनंदीबाई माहेरची जोशी. ह्या बायका नामवंत, त्यांची चरित्रे छापलेली आहेत, म्हणून हा गुंता सुटतो. विड्या वळणाऱ्या बाईचे चरित्र कोण छापणार?

छापील कुलवृत्तांतांतही हेच होते. एकच बाई माहेरच्या पुस्तकात कन्या म्हणून एका नावाने, सासरच्या पुस्तकात पत्नी म्हणून दुसऱ्या नावाने. दोन पुस्तके दोन घरांच्या कपाटांत असल्यामुळे कोणाला खटकले नाही. संगणकाने ती एका झाडावर आणली तेव्हा दिसले की आपण प्रत्येक बाई दोनदा लिहीत होतो, आणि दोन्हीकडे अर्धी.

उलट चूक अधिक वाईट आहे, कारण तिच्यात बाई नाहीशीच होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई, कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई. ही नावे उरली ती नवरे मोठे होते म्हणून. बाळंतपणात, प्लेगात, १९१८ च्या तापाच्या साथीत गेलेल्या बाकीच्या थोरल्या 'पहिली पत्नी, नाव माहीत नाही' एवढ्यावर उरतात, आणि नाव नसलेली नोंद दुसरीत मिसळायला सर्वांत सोपी. ज्या जातींत पाट लागत असे तिथे वेगळाच प्रकार. एकाच बाईला दोन नवरे, दोन्ही घरी मुले. वंशावळीत तिच्या दोन बायका होतात. एखाद्या शिकलेल्या नातवाला पाटाची लाज वाटते आणि तो तिचा पहिला नवरा, कधी पहिल्या घरची मुलेही, गाळून टाकतो.

आपल्या सोलापुरात आणखी भर आहे. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, एकेका बाईचे नाव दोन-तीन भाषांत लिहिले जाते. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली घरांत आडनाव आधी लिहायची रीत. यंत्र त्यालाच पाळण्यातले नाव समजते. गावांचेही तसेच. अक्कलकोट १९४८ पर्यंत संस्थान. इंडी आधी मुंबई इलाख्यात, १९५६ नंतर म्हैसूर राज्यात, १९७३ पासून कर्नाटकात. माझ्या आजीने एकदाच वेस ओलांडली, पण कागदावर ती दोन राज्यांतल्या दोन बायका झाली. आणि इथल्या कितीतरी घरांत मामा-भाचीची, आते-मामे भावंडांची लग्ने झालेली आहेत. तिथे एकच बाई एखादीची आजीही असते आणि सासूकडून आत्याही. झाडावर ती दोन ठिकाणी येते. ती दुबार नोंद नव्हे, दुहेरी नाते आहे. तिथे एक जागा पुसली तर एक नाते पुसले जाते.

काही मैत्रिणी म्हणतील, बायकांना मजुरी मिळत नाही, मार खावा लागतो, आणि तुम्ही वंशावळी कसल्या जुळवता? घराण्याचा अभिमान मिरवणे हे पुरुषांचे काम. मलाही असेच वाटत होते. पण त्याच सुमारास आमच्या जमिनीला रस्त्याच्या भूसंपादनाची नोटीस आली. मोबदल्यासाठी वारसांची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यायची होती. चुलत भावाने ती कशावरून टंकली? त्याच साफ केलेल्या झाडावरून. आत्याचे नाव त्यात नव्हते. सह्या व्हायला चार दिवस होते.

आजोबा १९६१ साली वारले. म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू झालेला होता, आणि बापाच्या हिश्शात मुलीचा वाटा होता, मग ती पहिलीची असो की दुसरीची. तेव्हा वारस म्हणून फक्त मुलगे लागले. पुढे कायदा आणखी बदलला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळले. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो देशभरच्या मुलींना दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही. हे सगळे कायदे मुलीसाठी आहेत. पण आधी कागदावर मुलगी हवी ना!

खरे लिहिले की फायदाच होतो असे मात्र नाही. माझ्या आजीच्या स्वतःच्या हिश्शात सावत्र मुलीला पोटच्या मुलांच्या बरोबरीने वारस धरत नाहीत. दोघी आया वेगळ्या दाखवल्या तर तिथे आत्याचे नुकसान. मी तिला हे समजावून सांगितले. ती म्हणाली, "तिचं तिला. माझ्या आईचं नाव लावा." पुढे काय करायचे हे तिने ठरवायचे होते, मी नाही.

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे गावोगाव वंशावळी निघाल्या. आरक्षणाच्या वादात इथे शिरत नाही. एवढेच सांगते की त्या कामात बापाकडचीच रांग चालते, आणि जुन्या कोतवाल बुकात अनेकदा बापाच्या नावापुढे नुसते 'मुलगी' एवढेच सापडते. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवले की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे, मग बापाचे नाव आणि मग आडनाव यावे. चांगले झाले. पण विवाहित बाईच्या नावाची रीत तीच ठेवली, तिचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. मग मुलापुढे आईचे कोणते नाव लागणार, पाळण्यातले की तांदळात लिहिलेले?

चुकून शिकलेल्या चार गोष्टी सांगते. पहिली, बाईची नोंद जन्मनावाने करा आणि सासरचे नाव तिचेच दुसरे नाव म्हणून जोडा. दोन्ही ठेवा, एकही पुसू नका. विकिट्रीसारख्या ठिकाणी जन्माचे आडनाव आणि आताचे आडनाव यांना वेगळे रकाने आहेत. ते वापरा. दुसरी, नाव, नवरा आणि गाव जुळले म्हणून दोघींना एक करू नका. मुलांची जन्मसाले, मृत्यूचे साल, माहेरचे गाव, भावाचे नाव, हे जुळते का ते बघा. मुलाचे वय आईशी जुळत नसेल तर मूल काढण्याआधी दुसरी आई शोधा. तिसरी, नाव माहीत नसलेली बाईसुद्धा वेगळी बाई आहे. तिची जागा रिकामी, पण वेगळी ठेवा. एकदा मिसळलेले सोडवणे फार अवघड जाते, म्हणून एक करताना कशावरून केले ते तिथेच लिहा. चौथी, हयात बायकांचे काही चढवताना त्यांना विचारा. कोणी नवरा सोडलेला असतो, कोणी जातीबाहेर लग्न करून लपून राहिलेली असते. झाड पूर्ण करण्यासाठी तिचा पत्ता उघड करायचा नाही.

आणि सगळ्यांत आधी, घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. मी यंत्राला विचारले, भाच्याला विचारले, पण दोन गल्ल्यांपलीकडे राहणाऱ्या आत्याला विचारायला मला वर्ष लागले.

आता वंशावळीत आजोबांशेजारी दोघी आहेत. एकीच्या नावाखाली आत्या, दुसरीच्या नावाआधी नदीचे नाव. थोरलीचे माहेरचे नाव आत्याला आठवत नाही. ती फार लहान होती. तो रकाना आम्ही रिकामा ठेवला आहे. प्रतिज्ञापत्र बदलले. मोबदल्याचा वाद अजून चालू आहे.

मागच्या महिन्यात विडी कामगार बायकांच्या बैठकीत मी सगळ्यांना आईच्या आईचे माहेरचे नाव विचारले. बहुतेकींची गाडी तिथेच अडली. एकमेकींकडे बघून त्या हसल्या, मग गप्प झाल्या. पुढच्या बैठकीला पाचजणी ते नाव विचारून आल्या. तुमच्या गटातही विचारून बघा, आणि काय सापडले ते आम्हाला कळवा.