मोठी मोटार विकली म्हणजे पत गेली काय?

धंद्यात मंदी आली की आपले अनेक व्यापारी बंधू आधी कारागिरांची मजुरी थकवतात, मग सुताचे बिल लांबवतात. दारातील मोठी डिझेल मोटार काढण्याचा विचार मात्र सर्वांत शेवटी येतो. मोटार विकली तर बाजार काय म्हणेल, ही त्यामागची भीती. ही भीती अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. मालेगाव असो की भिवंडी, उधारीवर चालणाऱ्या बाजारात नुसत्या कुजबुजीनेही पत हलते. तरीही आमचे स्पष्ट मत असे की, पत टिकते ती ठरल्या तारखेला चुकत्या केलेल्या बिलाने, मोटारीच्या लांबीरुंदीने नव्हे.

आता हिशेब पाहू. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणे आहे असे धरा. मोठी मोटार लिटरला १० किलोमीटर चालते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे, तर महिन्याचे डिझेल १३,५०० रुपयांचे. लहान सीएनजी गाडी किलोला २५ किलोमीटर चालते आणि गॅस ८० रुपये किलो आहे, तर खर्च ४,८०० रुपये. फरक महिन्याला ८,७०० आणि वर्षाला १,०४,४०० रुपयांचा! टायर, सर्व्हिसिंग व विमा यांतील बचत वेगळीच. आपल्या गावचे दर घालून प्रत्येकाने हा हिशेब स्वतः मांडावा.

डिझेल स्वस्त, म्हणून डिझेल मोटार परवडते, ही समजूत जुन्या काळची आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि पेट्रोल-डिझेलमधील पूर्वीची मोठी तफावत राहिली नाही.

पण अदलाबदल प्रत्येकाच्या फायद्याची नसते. ज्याचे फिरणे महिन्याला ३०० किलोमीटरच आहे, त्याची इंधनातील बचत वरच्याच दराने १,७४० रुपये होते. तेवढ्यासाठी चांगली चाललेली मोटार पडत्या भावाने देणे शहाणपणाचे नाही. सीएनजीची टाकी डिकीतील बरीच जागा खाते, तेव्हा कापडाचे तागे नेणाऱ्याने आधी जागा पाहावी. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लहान गाडी जुन्या मोटारीच्या किमतीतच बसवावी. त्यासाठी नवे व्याजी कर्ज काढले तर इंधनात वाचलेला पैसा हप्त्यात जाईल आणि व्याजाचे ओझे मानेवर राहील ते वेगळेच.

विक्री करताना कागदपत्रांत ढिलाई नको. मोटारीवर कर्ज असल्यास ते फेडून आरसी बुकावरील बोजा उतरवावा. फॉर्म २९ व ३० भरून आरटीओकडे नाव बदलून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो. म्हणजे मोटार दुसऱ्याच्या हाती आणि दावा आपल्या नावावर! तसेच विम्याचा नो क्लेम बोनस हा मोटारीचा नसून मालकाचा असतो. त्याचा दाखला विमा कंपनीकडून घेतल्यास नव्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते.

आणि वाचलेल्या पैशाचे काय? तो घरखर्चात विरून गेला तर हा सारा खटाटोप व्यर्थ आहे. मोटारीतून सुटलेली रक्कम आधी थकलेल्या मजुरीला द्यावी, मग रोखीने सूत घ्यावे. रोखीच्या गिऱ्हाइकाला भाव कमी लागतो, हे आम्ही व्यापाऱ्यांना सांगायला नको. दोन-चार महिने बिले वेळेवर चुकती झाली की, दारात कोणती गाडी उभी आहे हे बाजार विचारणारही नाही.