डायनाला चुकू द्या

साऱ्या जगाला ठाऊक असलेल्या कर्तबगार नायिकेला उचलायचं, पुन्हा शाळकरी वयात नेऊन बसवायचं आणि तिच्यावर कादंबरी लिहायची, ही खोड अमेरिकेतल्या प्रकाशकांना अलीकडे जडली आहे, अशी कॉमिक्सच्या जुन्या वाचकांची तक्रार असते. २०१५ मध्ये ग्वेंडा बाँडने सुपरमॅनच्या लोइस लेनला शाळेत घातलं. २०१७ मध्ये ली बार्डुगोची ‘वंडर वुमन: वॉरब्रिंगर’ आली. २०१९ मध्ये मारिको तमाकीने पंधरा वर्षांची हार्ली क्विन उभी केली. तक्रारदार म्हणतात, शिळ्या कढीला ऊत आणायचा हा धंदा आहे. मूळ व्यक्तिरेखेची यात मोडतोड होते, हेही ते ऐकवतात. आणि सगळ्यात जोरात म्हणतात ते असं की, मुळात समर्थ बाया मोजक्याच, त्यांनाही तुम्ही पोरी करून टाकता.

धंद्याचा मुद्दा लगेच मान्य करून टाकू. पॅटी जेन्किन्सचा ‘वंडर वुमन’ सिनेमा २०१७ च्या जूनमध्ये झळकला आणि ‘वॉरब्रिंगर’ ऑगस्टमध्ये बाजारात आली. हा योगायोग आहे असं कुणी म्हणणार नाही. पण दहा-दहा सेंटांना विकल्या जाणाऱ्या अंकांत जन्मलेल्या नायिकेच्या बाबतीत धंद्याचा विटाळ मानायचा म्हणजे कमाल झाली. विल्यम मोल्टन मार्स्टन हे मानसशास्त्रज्ञ, खोटं बोलताना रक्तदाब कसा वाढतो हे तपासणारे संशोधक. त्यांनी कॉमिक्सबद्दल चार बरे शब्द काढले, म्हणून प्रकाशक मॅक्स गेन्सने त्यांना सल्लागार नेमलं आणि त्यातून ही बाई जन्माला आली. बारशालाच गल्ल्याचा आवाज होता. त्यामुळे पुस्तक विकण्यासाठी लिहिलं का, हा प्रश्न फिजूल आहे. विकण्यासाठी लिहिताना काय लिहिलं, ते बघावं.

आता ‘मूळ’. १९४१ च्या अखेरीस ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात डायना, म्हणजेच वंडर वुमन, पहिल्यांदा दिसली. चित्रं हॅरी पीटरची. मार्स्टन १९४७ मध्ये गेले आणि सूत्रं रॉबर्ट कॅनिगरकडे आली. पुढे काय झालं ते मुळाची शपथ घेणाऱ्यांनी जरूर वाचावं. १९५९ च्या एप्रिलमध्ये कॅनिगरने किशोरवयातली डायना आणली, ‘वंडर गर्ल’. म्हणजे या नायिकेला पोर करण्याचा पहिला मान आजच्या कादंबरीकारांना मिळत नाही, जवळपास साठ वर्षं आधीच तो दिला गेला आहे. तेवढ्याने भागेना म्हणून दोन वर्षांत ‘वंडर टॉट’ हे दुडदुडतं रूपही आलं आणि मग बाई, मुलगी आणि बाळ अशा तिघी एकाच गोष्टीत एकत्र वावरू लागल्या! डायनाच्या आईने, राणी हिपोलिटाने, घरगुती फिल्मचे तुकडे जोडून ही करामत केली, असा खुलासा देण्यात आला. १९६५ मध्ये तर ही वंडर गर्ल दुसऱ्या एका मासिकात रॉबिन वगैरे पोरांच्या टोळीत जाऊन बसली. ती डायनाचंच लहानपण आहे, वेगळी मुलगी नव्हे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसावं. चूक निस्तरायला चार वर्षं लागली. आगीतून वाचवलेलं एक अनाथ बाळ, डोना ट्रॉय, अशी नवी जन्मकथा १९६९ मध्ये तिच्या गळ्यात बांधली गेली. त्याच सुमारास मोठ्या डायनाच्या शक्ती काढून घेऊन तिला कपड्यांचं दुकान चालवायला बसवलं होतं. १९७२ मध्ये ग्लोरिया स्टायनम यांच्या ‘मिझ’ मासिकाने वंडर वुमनला मुखपृष्ठावर राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार म्हणून झळकवलं, तेव्हा कॉमिकमधल्या डायनाकडे एकही दैवी शक्ती उरलेली नव्हती. त्या शक्ती पुढच्या वर्षी परत आल्या. यातलं मूळ कोणतं, ते तक्रारदारांनी एकदा ठरवून सांगावं.

तिसरा आक्षेप मात्र असा झटकून टाकता येत नाही. बाईला पोर करणं म्हणजे तिला आवाक्यात आणणं, आणि असं झालेलं आहेच. कॅनिगरची वंडर गर्ल बघा. मोठ्या डायनाचाच पोशाख जरा कमी मापाचा, मागे लागलेला एक मत्स्यकुमार, आणि लाजणंमुरडणं. ताकद तीच, कौशल्य तेच, काही शिकायचं बाकी नाही. फक्त उंची कमी केली की झाली किशोरी. मोठ्या बाईचा दरारा पेलवत नसला की तिची भातुकली करायची, ही वृत्ती त्या पानांत उघड दिसते. तिथे तक्रारदारांच्या शेजारी उभं राहायला मला काहीच अडचण नाही.

गल्लत होते ती यापुढे. नायिकेचं वय कमी करणं आणि तिची इयत्ता कमी करणं या दोन गोष्टी ते एकाच मापाने मोजतात. बार्डुगोने वय कमी केलं ते डायनाला सोपं करण्यासाठी नव्हे. उलट, तिची मोठेपणी सहज वाटणारी धिटाई कुठून आली, हा अवघड प्रश्न विचारण्यासाठी. ‘वॉरब्रिंगर’मधल्या बेटावर बाकीच्या सगळ्या ॲमेझॉन बायका कुठल्या ना कुठल्या युद्धात, मरता मरता देवीचा धावा करून पोचलेल्या आहेत. प्रत्येकीने आपली जागा रक्त देऊन मिळवली आहे. एकटी डायना तिथेच जन्मली, आईने मातीतून घडवली म्हणून. सेनानायिका टेक तिला मातीच्या छोट्या डबीच्या नावाने हाक मारते, आणि त्या हाकेतली खोच डायनाला दरवेळी बोचते. राणीची मुलगी असूनही ती बेटावर उपरी आहे. हे दुःख प्रौढ वंडर वुमनच्या तोंडी घातलं असतं तर रड वाटली असती. सतरा वर्षांच्या मुलीच्या पोटात ते चपखल बसतं.

कादंबरी सुरू होते ती शर्यतीने. स्वतःला सिद्ध करायची हीच संधी, असं मानून डायना धावते आहे. कड्यावरून तिला दिसतं की समुद्रात एका जहाजाचा स्फोट झाला. ती शर्यत टाकते, पाण्यात उडी घेते आणि बुडणाऱ्या एका मुलीला ओढून आणून गुहेत लपवते. बाहेरच्या माणसाला बेटावर आणणं हा गुन्हा. लगोलग जमीन हादरू लागते, तिची मैत्रीण मेव्ह आजारी पडते. भविष्यवेत्तीकडे जावं तर तिचा सल्ला अगदी साधा निघतो: काहीच करू नकोस. ही मुलगी ट्रॉयच्या हेलनच्या वंशातली, युद्ध ओढवणारी आहे. ती आपोआप मरेल, मग बेटही बरं होईल आणि जगही वाचेल.

इथे प्रौढ वंडर वुमन असती तर वाचक निर्धास्त असता. ती काय करणार हे ठरलेलं, दोन पानांत निकाल. ही डायना मात्र खरोखर पेचात आहे. तिच्याकडे ना अनुभव, ना अधिकार, आणि मोठी माणसं सांगतात त्यात तथ्यही दिसतंय. तरीही ती त्या मुलीला, आलियाला, घेऊन चोरून बेट सोडते. ग्रीसमधल्या हेलनच्या झऱ्यापाशी ठरल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पोचलं तर शाप उतरेल, एवढ्याच भरवशावर. हा निर्णय चुकीचा ठरू शकतो, आणि ठरला तर जग पेटेल. चुकण्याची शक्यता नसलेल्या माणसाला धाडसी म्हणता येतं का? माझ्या मते नाही.

शिवाय १९४१ ची कथा आठवून पाहा. तिथे डायना बेट सोडते ते विमान कोसळून तिथे आलेल्या स्टीव्ह ट्रेव्हर नावाच्या वैमानिकाच्या प्रेमात पडून. मार्स्टनसारख्या स्त्रियांच्या कैवाऱ्यालाही तिला उंबरठा ओलांडायला लावण्यासाठी एक देखणा पुरुष लागला. बार्डुगोच्या कादंबरीत त्या जागी एक अनोळखी, भिजलेली, भांडकुदळ मुलगी आहे. डायनाचं वय कमी झालं आणि तिच्या निघण्याचं कारण मोठं झालं. याला पाणउतारा म्हणणाऱ्यांनी दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात.

लहानपण नंतर लिहिलं म्हणजे खोटं, हा समज आपल्याकडे तरी टिकायला नको. महाभारतातला कृष्ण येतो तो मोठा होऊनच. त्याचं गोकुळातलं बालपण सविस्तर सांगितलं ते हरिवंशाने, महाभारताला जोडलेल्या खिलपर्वाने. त्या बालपणावरच पुढे आपल्या संतांच्या गवळणी उभ्या राहिल्या. कुणी म्हणालं नाही की मुत्सद्द्याला लोणीचोर करून त्याचा अपमान केला. पण नायिकांच्या वाट्याला हे भाग्य फारसं आलेलं नाही. द्रौपदी यज्ञवेदीतून वर आली ती तरुणी म्हणूनच. ग्रीकांची अथीना बापाच्या डोक्यातून निघाली ती चिलखतासकट. त्यांना गुडघे फोडून घ्यायला, खोटं बोलायला, हट्ट करायला कुणी वेळच दिला नाही. डायनाही त्याच पंगतीतली.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती चित्रांची. प्रौढ वंडर वुमनच मुलींचा आदर्श म्हणून पुरेशी आहे, असं म्हणणाऱ्यांनी २०१६ आठवावं. संयुक्त राष्ट्रांनी ऑक्टोबरमध्ये तिला मुली आणि स्त्रियांच्या सबलीकरणाची मानद राजदूत नेमलं. तोकड्या कपड्यांतल्या, भरल्या छातीच्या चित्राला हा मान कशाला, म्हणून तिथल्याच कर्मचाऱ्यांनी विरोध केला, हजारोंनी निवेदनावर सह्या केल्या आणि डिसेंबरात ती नेमणूक संपलीही. दोष डायनाचा नव्हता. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या रोखलेल्या नजरा त्या चित्रात साठल्या होत्या. कादंबरीत चित्रच नाही. तिथे शरीर दिसत नाही, ते धावतं, धडपडतं, भिजतं, आणि हे सगळं आतून कळतं. किशोरी आणि गद्य यांची ही सांगड मला फार महत्त्वाची वाटते. (‘वॉरब्रिंगर’ची चित्रकादंबरीही २०२० मध्ये निघाली. ती नीटस आहे, पण हा फायदा तिला कुठून मिळणार?)

पुढचं वाक्य कथानक फोडणारं आहे, ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा. आलियाचा भाऊ जेसन, ज्याच्याकडे डायना थोडी ओढली जाते, तोच शेवटी उलटतो. त्याला युद्ध हवं आहे, कारण युद्धाशिवाय वीर जन्मत नाहीत, आणि त्याला पुराणातल्या अजिंक्य वीरांचं युग परत आणायचं आहे. पुतळ्यांवर प्रेम करणारा माणूसच इथे खलनायक आहे. वीरांना हात लावू नका, म्हणून ओरडणाऱ्यांना बार्डुगोने दिलेलं याहून नेमकं उत्तर मला तरी दिसलेलं नाही. तिला ते अभिप्रेत होतं की नाही, तो भाग वेगळा.

या पुस्तकात उणीव नाही असं नाही. अशा पूर्वकथेचे हात बांधलेले असतात. डायना मरणार नाही हे पहिल्या पानापासून माहीत, आणि शेवटी तिला बेटावर परतायलाच हवं, पुढची गोष्ट तिथून सुरू व्हायची आहे ना! त्यामुळे जिवाची खरी धास्ती डायनाबद्दल वाटतच नाही, ती वाटते आलियाबद्दल. ती काळ्या आईची आणि ग्रीक बापाची न्यूयॉर्ककर मुलगी. तिच्यासोबत असते तिची जिवलग मैत्रीण निम, म्हणजे पूर्णिमा चौधरी. आडनावावरून मूळ कुठलं ते वेगळं सांगायला नको. मार्स्टनच्या काळात डायनाच्या जोडीला एटा कँडी होती, जाडी, सतत मिठाई चघळणारी, शूर खरी पण हसवण्यासाठी ठेवलेली. निमही जाडी आहे, बोलण्यात फटकळ आहे. पण ती कपडे बेततात तशी माणसं मापून बघते, तिला मुली आवडतात, आणि हशा पिकतो तो तिच्यावर नाही, तिच्यामुळे. तिच्यासाठी १९४१ च्या अंकात जागा नव्हती. ती डायना सतरा वर्षांची झाल्यावर निघाली.