सोमवारी सायकल कोण चालवतं?

जानेवारीतला तो आठवडा आठवतोय का? बुधवारी संक्रांत, गुरुवारी म्हणजे १५ तारखेला महापालिकेचं मतदान, शुक्रवारी निकाल, मग शनिवार-रविवार, आणि सोमवारी १९ तारखेपासून पुणे ग्रँड टूरची सायकल शर्यत. शुक्रवारची एक रजा टाकली की सलग चार दिवस मोकळे. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकीकडे अलिबागचा प्लॅन शिजत होता आणि दुसरीकडे ‘मतदान हा आपला हक्क’वाली स्टिकर्स फिरत होती. दोन्ही पाठवणारी मंडळी बऱ्याचदा तीच होती, हे वेगळं सांगायला नको.

अलिबागला गेलेल्यांवर मी चिडलेली नाही. सुट्टी मिळाली की माणूस फिरायला जाणारच. पण त्या आठवड्यात एक गोष्ट डोक्यात घुसली, ती अजून निघत नाही. आपल्या शहराला दोन गोष्टी फक्त सुट्टीच्या दिवशी आठवतात. एक मतदान आणि दुसरी सायकल.

आधी मतदानाचं. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा असं करत निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मी अठरा वर्षांची झाले त्याच वर्षी शहरातले नगरसेवक गेले होते आणि प्रशासक आले होते. म्हणजे माझ्या वयाच्या मुलामुलींनी लोकसभेला मत दिलं, विधानसभेला दिलं, पण गल्लीतला दिवा बंद का, हे ज्याला विचारायचं तो माणूस निवडायला आम्हाला जवळपास चार वर्षं थांबावं लागलं. शेवटी मत द्यायची वेळ आली तेव्हा एकदम चार बटणं दाबायची होती, कारण प्रभाग चार सदस्यांचा. आमच्या शेजारच्या आजी केंद्रातून बाहेर येऊन म्हणाल्या, “अगं, चौथं दाबेपर्यंत पहिलं कुणाला दिलं तेच विसरले.”

मतदानाच्या दिवशी सगळ्या शहराला सुट्टी होती, फक्त आम्हाला नव्हती. मी डिसेंबरपासून एका दैनिकात इंटर्नशिप करतेय. बातम्यांच्या धंद्यात मतदानाच्या दिवशी सुट्टी मागणं म्हणजे लग्नाच्या दिवशी आचाऱ्यानं रजा मागण्यासारखं. सकाळपासून कर्वेनगर, वारजे भागातली केंद्रं फिरत होते. दुपारी एका शाळेबाहेर काळी, दांडीची जुनी सायकल भिंतीला टेकवून एक काका घाईघाईनं आत जाताना दिसले. अंगात सिक्युरिटीचा निळा शर्ट. बाहेर आल्यावर मी विचारलं, “काका, आज सुट्टी नाही का?” ते हसले. “सुट्टी सोसायटीतल्या लोकांना. गेटवर कुणीतरी लागतंच की. अर्ध्या तासाची परवानगी काढून आलोय.” एवढं बोलून टांग टाकली आणि निघाले. त्यांच्या कॅरियरवर डबा बांधलेला होता.

माझ्या वहीत त्या दिवशी मतदानाचे आकडे, रांगा, यादीत नाव न सापडलेल्यांच्या तक्रारी असं बरंच होतं. पण छापून येण्यासारखं नसलेलं हे एक वाक्य मी खाली लिहून ठेवलं होतं, ‘सुट्टी सोसायटीतल्या लोकांना’.

आता सायकलचं. पुणे हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं, हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते आता कौतुक न राहता श्राद्धाच्या दिवशीच्या आठवणीसारखं वाटतं. माझे आजोबा खडकीला सायकलवर नोकरीला जायचे. त्यांच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, हीच गोष्ट सांगतील, फक्त कारखान्याचं नाव बदलेल. आजची सायकल कुठे दिसते? रविवारी पहाटे सहाला सिंहगड रस्त्यावर, खडकवासल्याला, बोपदेव घाटात. हेल्मेट, चष्मा, मागे लुकलुकणारा लाल दिवा, वर पोहे आणि ॲपवर किलोमीटर. मला त्यांची टिंगल करायची नाही, मीही दोनदा गेले आहे आणि खडकवासल्याचं ताक मला आवडतं. पण हे लोक सोमवारी ऑफिसला कारनं जातात. सायकल म्हटलं की महापालिकेला, वर्तमानपत्रांना (आम्ही पण आलो त्यात) आणि पुढाऱ्यांना हाच रविवारचा सायकलवाला दिसतो. सोमवारचा दिसत नाही.

सोमवारी सायकल कोण चालवतं? पहाटे पेपर टाकणारी मुलं. वॉचमन. बांधकामावर जाणारे मजूर, हँडलला पिशवी अडकवलेले. मंडईतून भाजी आणणारे. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी, मेस आणि अभ्यासिका यांच्यामध्ये सायकल मारणारी मुलं. यांना कुणी ‘सायकलिस्ट’ म्हणत नाही. यांच्यासाठी रॅली निघत नाही आणि यांना टी-शर्टही मिळत नाही.

आमच्या वर्गात हिंगोलीकडची एक मैत्रीण आहे. तिला आठवीत मानव विकास कार्यक्रमातून शाळेला जायला सायकल मिळाली होती. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांतल्या मुलींना सरकार अशा सायकली देतं, गावात शाळा नसली म्हणून मुलीचं शिक्षण सुटू नये यासाठी. ती म्हणते, “ती सायकल नसती तर माझं नववीतच लग्न लागलं असतं.” हे ती सहज, चहा पिता पिता म्हणते. इथे पुण्यात आल्यावर तिनं सायकल घेतली नाही. का, विचारलं तर म्हणाली, “तिकडं रस्त्याला खड्डे होते, पण मला पाहून गाडी हळू व्हायची. इथं हॉर्न वाजतो.”

ग्रँड टूरचा सुरुवातीचा टप्पा बघायला आम्ही फर्ग्युसन रस्त्यावर गर्दीत उभे होतो. खरं सांगते, अंगावर काटा आला. परदेशी खेळाडू, सूं करून गेलेले, टाळ्या, शिट्ट्या. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या यादीतली ही भारतातली अशी पहिलीच टप्प्याटप्प्यांची शर्यत. ४३७ किलोमीटर, शहरातून आणि मुळशी, मावळ, पुरंदर, बारामतीकडच्या रस्त्यांवरून. त्यासाठी रस्ते नव्यानं डांबरले गेले. मी याला उधळपट्टी म्हणणार नाही. रस्ता झाला तर सगळ्यांचाच झाला, आणि गावाकडच्या रस्त्यावर एसटीही त्याच डांबरावरून जाते. पण एक गोष्ट सिद्ध झाली, आणि ती आपण सोडता कामा नये. सायकलच्या चाकाला काय लागतं, हे या शहराला नीट कळतं. रस्ता सलग हवा, सपाट हवा, मध्ये अडथळा नको. हे सगळं ठरवलं की ठरलेल्या तारखेच्या आत होतं.

मग सोमवारच्या सायकलवाल्याच्या वेळी काय होतं? डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला. ८२४ किलोमीटरचं सायकल मार्गांचं जाळं त्यात होतं. त्याच महिन्यात विद्यापीठात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या. आम्ही शाळेत होतो, त्या रंगीबेरंगी सायकलींचं काय अप्रूप होतं! मग त्या गेल्या. काही नाल्यात सापडल्या, काही कुणी घरी नेल्या, कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्याच्याही आधी, २००६ मध्ये सातारा रस्त्यावर बीआरटी सुरू झाली तेव्हा बाजूनं सायकल मार्ग केले होते. त्यातले जे उरलेत त्यांच्यावरून एकदा जाऊन बघा. कडेला दुचाकी लावलेल्या, मध्येच विजेचा डीपी, पुढे नारळपाणीवाला, त्याच्यापुढे मार्ग फुटपाथवर चढतो आणि चौक आला की चक्क संपतो. आपल्याकडे सायकल मार्ग किलोमीटरमध्ये मोजतात. पण सायकलवाल्याचा जीव जातो तो चौकात. ज्या ठिकाणी त्याला सगळ्यात जास्त रस्ता हवा असतो, नेमका तिथेच मार्ग संपलेला असतो. पन्नास तुकड्यांचे पन्नास किलोमीटर कागदावर भरतात, सायकलवर नाही.

हे मी तावातावानं लिहितेय कारण हा प्रश्न आता माझ्या पगाराला (त्याला स्टायपेंड म्हणतात, पण पगार म्हटलं की बरं वाटतं) येऊन भिडला आहे. कॉलेजात होते तोवर बसचा विद्यार्थी पास होता. जूनमध्ये डिग्री संपेल तसा तोही संपेल. गेल्या वर्षी १ जूनपासून पीएमपीचं किमान तिकीट पाच रुपयांवरून दहा झालं आणि सर्वसाधारण मासिक पास दीड हजारांवर गेला. त्यात माझी शिफ्ट बदलली. आधी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा होती, आता दुपारी दोन ते रात्री दहा. साप्ताहिक सुट्टी बुधवारी, म्हणजे मैत्रिणींच्या कुठल्याच प्लॅनमध्ये मी बसत नाही. रात्री दहानंतर शिवाजीनगरहून कर्वेनगरची बस कधी येईल, हे ज्योतिषालाच विचारावं. रिक्षा रोज परवडत नाही. अंतर साधारण सहा किलोमीटर. सायकलला अगदी बरोबर बसणारं अंतर.

म्हणून बाबांची जुनी सायकल ओव्हरहॉलिंग करून घेतली आणि पावणेदोन महिने तिच्यावर जातेय. दिवसा जाताना नळस्टॉपला उड्डाणपूल उतरतो तिथे डावीकडून बस, उजवीकडून रिक्षा आणि मध्ये मी, असा रोजचा देखावा. रात्री उलटं होतं. रस्ता मोकळा असतो, म्हणून गाड्या सुसाट असतात. आणि एक गोष्ट मुली न सांगताही ओळखतील. रात्री सव्वादहाला सायकलवरच्या मुलीच्या शेजारी गाडी हळू होते तेव्हा ती सौजन्यानं हळू झालेली नसते.

आईचं म्हणणं सरळ आहे, “हप्त्यावर स्कूटर घे.” आणि सरकारचंही जणू तेच म्हणणं आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये जीएसटी कमी झाला तेव्हा सायकलवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. छान. पण छोट्या दुचाकींवरचा २८ वरून १८ वर आला. सत्तर हजार मूळ किमतीच्या स्कूटरवर सात हजार रुपये वाचले. सात हजारांत अख्खी एक साधी सायकल येते. शोरूमवाल्यानं आईला हा हिशेब माझ्याआधी सांगितला होता.

आता कुणी म्हणेल, पुणे केवढं वाढलंय, सायकलचं काय घेऊन बसलीस? मान्य. हडपसरहून हिंजवडीला जाणाऱ्याला ‘सायकल वापरा’ सांगणं हा विनोदच आहे. उन्हाळ्यात दुपारी दोनला कर्वे रस्त्यावर काय होतं, ते मला एप्रिलमध्ये कळेलच. मेट्रो हवी, बस तर हवीच हवी. प्रचारात मोफत बस आणि मेट्रोचं आश्वासनही ऐकलं. पण बस असो की मेट्रो, घरापासून स्टेशनपर्यंतचे दीड-दोन किलोमीटर कुणी मोफत करून देत नाही. आणि ज्या लोकांची नावं मी वर घेतली, ते सायकल पर्यावरणासाठी चालवत नाहीत. तिकिटाचे दहा-दहा रुपये वाचतात म्हणून चालवतात. त्यांना कुणी सवय लावायची गरज नाही. ते आधीच रस्त्यावर आहेत, फक्त त्यांनी चौकातून जिवंत पार व्हायला हवं.

चार वर्षं महापालिकेचं अंदाजपत्रक आयुक्त मांडत होते आणि प्रशासक म्हणून तेच मंजूर करत होते. आता स्थायी समिती आहे, मुख्य सभा आहे, आणि जवळपास प्रत्येक प्रभागाला चार-चार नगरसेवक आहेत. निकालाच्या दिवशी ज्यांच्या मिरवणुकीत आपण गुलालानं माखलो, त्यांना एप्रिलमध्ये फोन करायला काय हरकत आहे? माझं पत्र तयार आहे. त्यात ‘पुणे पुन्हा सायकलींचं शहर करा’ असलं काही नाही. नळस्टॉपच्या चौकात सायकल आणि पायी जाणाऱ्यांसाठी सिग्नलला वेगळे दहा सेकंद द्या, रात्रीचे बंद दिवे सुरू करा, आणि सायकल मार्गावरचा डीपी हलवा, एवढंच. चौघांनाही एकच पत्र देणार आहे, म्हणजे ‘ते माझ्याकडे येत नाही, त्यांच्याकडे येतं’ म्हणायची सोय नको.

तुम्हाला पत्र लिहायचा कंटाळा असेल तर निदान तुमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. आमच्या कॉलेजात ‘सायकल स्टँड’ असा जुना फलक अजून आहे, खाली तीन रांगा दुचाकी लावलेल्या असतात आणि सायकल कुलूप लावून जिन्याखाली ठेवावी लागते. प्राचार्यांना भेटून एक रांग मागायला निवडणूक लागत नाही, दहा सह्या पुरतात. आम्ही सतरा गोळा केल्यात. त्यातल्या पाच जणांकडे सायकल नाही, पण जागा झाली तर आणू म्हणालेत.

स्कूटरचा निर्णय मी जूनपर्यंत पुढे ढकललाय. आईनं शोरूमवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे.