स्वर्गोन्नयन : देहाचाही मान



१५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपून आम्ही कॅथलिक चर्चकडे निघालो की शेजारी विचारतात, ‘मास्तर, आज तुमच्या देवीचा सण ना?’ मरिया देवी नव्हे. आपल्यासारखीच देवाने घडवलेली माणूस. येशूने स्वसामर्थ्याने स्वर्गारोहण केले. मरियेला मात्र देवाने देहासह आणि आत्म्यासह वर घेतले. म्हणून हे ‘स्वर्गोन्नयन’. श्रद्धा फार जुनी. पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी तिला धर्मसिद्धान्त म्हणून घोषित केले. सिकंदराबादचे १८५० सालचे सेंट मेरीज चर्च, आजचे बॅसिलिका, याच सणाच्या नावाचे.

मला यातला ‘देहासह’ हा शब्द मोलाचा वाटतो. देव देहाला टाकाऊ मानीत नाही; मग आपण थकलेले देह घराच्या कोपऱ्यात का टाकतो? त्या दिवशीच्या शुभवर्तमानात मरिया लगबगीने नात्यातल्या वृद्ध एलिझाबेथकडे जाते आणि सुमारे तीन महिने राहते. आपल्या गल्लीतही गुडघ्यांपायी मिस्साला येऊ न शकणारी माणसे आहेत. यंदा मेणबत्ती लावून झाली की त्यांच्याकडे तासभर बसून या. तरच सण साजरा झाला म्हणायचा.

– एक निवृत्त शिक्षक, बरकतपुरा, हैदराबाद