वाशिमचा काश्मिरी खासदार आणि आपली ग्रामसभा

जानेवारी 1980 मध्ये लोकसभेची मध्यावधी निवडणूक झाली. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. 1977 मध्ये इथून माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक निवडून गेले होते आणि 1979 मध्ये त्यांचे निधन झाले होते. त्या जागेवर इंदिरा काँग्रेसने तीस वर्षांचा एक तरुण उभा केला. त्याचे गाव डोडा जिल्ह्यातल्या भलेसा भागात, वाशिमपासून जवळपास दीड हजार किलोमीटरवर. तीनच वर्षांपूर्वी स्वतःच्या राज्यात विधानसभेला तो सपाटून हरला होता. वाशिमने मात्र त्याला निवडून दिले आणि 1984 मध्ये पुन्हा दिले. त्याचे नाव गुलाम नबी आझाद.

आज ही गोष्ट सांगितली तर आपल्यातल्या अनेक मुलांना खरी वाटत नाही. कापूस-ज्वारीचा मुलूख, मुस्लिम मतदार अल्पसंख्य, आणि उमेदवार काश्मीरकडचा मुसलमान! पण हे घडले आहे. त्याच वर्षी जूनमध्ये रायगडच्या आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. 2024 च्या लोकसभेत मात्र महाराष्ट्राच्या 48 खासदारांत एकही मुस्लिम नाही. 288 आमदारांत दहा आहेत. हा फरक कुणालाही बोचेल, मलाही बोचतो. पण ‘तेव्हाचे लोक चांगले होते, आताचे बिघडले’ एवढे म्हणून थांबलो तर आपण काहीच शिकलो नाही. आझाद यांची कारकीर्द नीट पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती आपल्या हातातली आहे.

आझाद यांची सुरुवात तळातून झाली. 1973 मध्ये ते भलेसा ब्लॉक काँग्रेसचे सचिव होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेला, डोंगरातल्या गावातला मुलगा. पण पुढचा प्रवास दिल्लीच्या शिडीने झाला. युवक काँग्रेसचे अध्यक्षपद, 1982 मध्ये उपमंत्रिपद, 1990 मध्ये राज्यसभा, तीही महाराष्ट्रातून. पुढे केंद्रीय मंत्रिपदे आणि राज्याराज्यांचे प्रभारीपद. 2 नोव्हेंबर 2005 रोजी ते जम्मू-काश्मीरचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते त्या विधानसभेचे सदस्यही नव्हते. भद्रवाहची पोटनिवडणूक त्यांनी 2006 मध्ये जिंकली. राजकारणात तीन दशके काढल्यावर स्वतःच्या राज्यातल्या मतदारांनी दिलेला तो त्यांचा पहिला विजय होता.

त्यांचे काम नाकारण्याचे कारण नाही. मुख्यमंत्री असताना रखडलेली बांधकामे त्यांनी दुहेरी पाळीत करून घेतली. 2009 ते 2014 ते देशाचे आरोग्यमंत्री होते. त्याच काळात, जानेवारी 2011 मध्ये, देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला आणि मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यासाठी कितीतरी मोहल्ल्यांत अफवांशी झगडावे लागले. मौलवींनी आवाहने केली, आरोग्यसेविकांनी दारोदार फिरून मुलांना थेंब पाजले. हे श्रेय एकट्या मंत्र्याचे नाही, पण त्यात त्यांचा वाटा आहे.

मग अडले कुठे? 2008 च्या मे महिन्यात त्यांच्या सरकारने अमरनाथ देवस्थान मंडळाला यात्रेकरूंच्या सोयींसाठी सुमारे चाळीस हेक्टर वनजमीन देण्याचा निर्णय घेतला. खोऱ्यात आंदोलन पेटले. निर्णय मागे घेतला, तर जम्मू पेटले. पीडीपीने पाठिंबा काढला आणि जुलैमध्ये आझाद यांनी राजीनामा दिला.

मी हे नृसिंहवाडीत बसून लिहितो आहे, म्हणून मला तो वाद जवळचा वाटतो. आमचे गावही यात्रेकरूंवर जगते. पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी, नाव चालवणारे, फुले विकणारे. दत्ताचे हे मंदिर विजापूरच्या आदिलशहाने बांधले, त्याने देवस्थानाला औरवाड आणि गौरवाड ही गावे इनाम दिली, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शेजारच्या कुरुंदवाडला मशिदींत गणपती बसतो. तिकडे अमरनाथलाही घोडेवाले आणि पालखीवाले बहुतेक मुसलमानच असतात. अशा ठिकाणी जमिनीचा प्रश्न आला की तो आधी गावाला विचारून, पारावर बसून सोडवावा लागतो. वरून कागद आला की त्याला लगेच धर्माचा रंग चढतो.

5 ऑगस्ट 2019 रोजी 370 कलमाचा निर्णय झाला, तेव्हा आझाद राज्यसभेत विरोधी पक्षनेते होते. त्यांनी कडाडून विरोध केला. नंतर त्यांनाच श्रीनगरच्या विमानतळावरून परत पाठवण्यात आले. आपल्याच राज्यात जायला माजी मुख्यमंत्र्याला सर्वोच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. त्याच आठवड्यात आमच्याकडे कृष्णा-पंचगंगेला महापूर होता. वीज गेलेली, फोन बंद, शिरोळ तालुक्यातली गावे बेटांसारखी. आमचा संपर्क पाण्याने तोडला होता, काश्मीरचा सरकारने. आमचे पाणी काही दिवसांत उतरले. तिथे फोर-जी सुरू व्हायला फेब्रुवारी 2021 उजाडला.

त्याच महिन्यात आझाद राज्यसभेतून निवृत्त झाले. पंतप्रधानांचे डोळे पाणावले. आपल्याला हिंदुस्थानी मुसलमान असल्याचा अभिमान आहे, असे आझाद म्हणाले. टाळ्या पडल्या. मला मात्र एक प्रश्न पडला: चाळीस वर्षे संसदेच्या राजकारणात घालवलेल्या माणसाला जाताना हे सांगावेसे का वाटते? इतर कुणी निरोपाच्या भाषणात असा दाखला देत नाही. तो दाखला आपल्यातल्या प्रत्येक मुलाकडे कधी ना कधी मागितला जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ऑगस्ट 2022 मध्ये त्यांनी काँग्रेस सोडली आणि महिनाभरात स्वतःचा पक्ष काढला. देशाचा नेता शेवटी प्रादेशिक नेता झाला. पण 2024 मध्ये त्या पक्षाला लोकसभेत एकही जागा मिळाली नाही आणि विधानसभेतही नाही. शिडी वरून धरलेली होती. ती सुटल्यावर पायाखाली काही उरले नाही.

आता आपल्याच जिल्ह्यात पाहा. कागल काही मुस्लिमबहुल मतदारसंघ नाही. तरी हसन मुश्रीफ तिथून 1999 पासून सलग सहा वेळा निवडून आले. त्यांच्या राजकारणाशी, पक्षबदलाशी, त्यांच्यावरच्या आरोपांशी तुमचे-माझे कितीही मतभेद असोत. पण ते टिकले ते जिल्हा बँक, कारखाना आणि दवाखान्यात अडलेल्या माणसाचे काम यांच्या जोरावर. मतदार त्यांना ओळखतो आणि जाबही विचारू शकतो.

प्रतिनिधित्व म्हणजे यादीतले एक मुस्लिम नाव नव्हे. ज्याला आपण अडवून विचारू शकतो, आणि ज्याला शेजारचा पाटील, माळी, बौद्ध, जैनही अडवून विचारू शकतो, तो आपला प्रतिनिधी. पक्षांनी तिकिटे नाकारली हा अन्याय आहे, आणि तो आपण मोठ्याने सांगितलाच पाहिजे. पण तिकीट मिळाले तरी ते वरून मिळालेले असेल, तर वरूनच काढूनही घेतले जाते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. आपल्यातले किती जण तिथे जातात? एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीला उभे राहता येते. पूरग्रस्तांच्या यादीत कुणाचे नाव राहिले, शाळेत शिक्षक किती, दफनभूमीला आणि स्मशानाला जायला रस्ता आहे का, हे प्रश्न तिथे मांडा. ‘आमच्या समाजाचे’ म्हणून नको, गावाचे म्हणून मांडा. बहिणींना सोबत न्या. निम्म्या जागा त्यांच्याच आहेत.

वाशिमच्या मतदाराने 1980 मध्ये आपले मन किती मोठे आहे ते दाखवले होते. ते मन संपले आहे, असे मी मानत नाही. पण पुढच्या वेळी त्याच्या दारात दिल्लीहून आलेला पाहुणा नको. त्याच्या ओळखीचा, त्याच्या बांधाशेजारचा, त्याच्याच बोलीत बोलणारा माणूस हवा. तो तयार व्हायला वीस वर्षे लागतील. सुरुवात येत्या ग्रामसभेपासून करू या.