रक्त शुद्ध, शरीर उपाशी

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला डायालिसिसचे यंत्र जगवते, हे आता शहरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु आठवड्यातून दोनतीन वेळा त्या यंत्राला जोडला जाणारा माणूस महिन्यामहिन्याने वाळत का जातो, त्याचे सदरे ढगळ का होऊ लागतात, हे मात्र घरात कोणी विचारीत नाही. ‘आजारच तसा,’ असे म्हणून सारे गप्प बसतात. हे मौन आम्हाला मान्य नाही. या वाळण्याचा सारा दोष आजाराच्या माथी मारता येणार नाही. त्यात उपासमारीचाही वाटा आहे, आणि ही उपासमार पथ्याच्या नावाने, तीही मायेच्या माणसांकडून चाललेली असते!

मूत्रपिंडे दुबळी झाली पण यंत्राची पाळी आलेली नाही, तोवर डॉक्टर प्रथिने कमी करावयास सांगतात, ते योग्यच आहे. प्रथिनांपासून शरीरात युरिया तयार होतो आणि तो बाहेर टाकण्याची ताकद मूत्रपिंडांत उरलेली नसते. १९६३-६४ साली जॉर्दानो आणि जोव्हानेत्ती या इटालियन वैद्यांनी अल्पप्रथिन आहाराची पद्धत बसवली, तेव्हा बहुतेक रुग्णांच्या वाट्याला यंत्र येतच नव्हते. पण ज्या दिवशी डायालिसिस सुरू होते, त्या दिवशी हा नियम उलटा होतो. अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे, मधुमेह नसलेल्या ५५ किलो वजनाच्या माणसाला यंत्रापूर्वी दिवसाला ३० ते ३३ ग्रॅम प्रथिने पुरतात. यंत्र सुरू झाल्यावर त्यालाच ५५ ते ६६ ग्रॅम लागतात. कारण उघड आहे. यंत्र युरिया गाळते, तशी प्रथिनांची घटकद्रव्ये असलेली अमायनो आम्लेही गाळते. चार तासांच्या एका बैठकीत ती ६ ते १२ ग्रॅम निघून जातात. पोटातून करावयाच्या डायालिसिसमध्ये तर प्रथिने रोजच वाहून जातात.

हा उलटलेला नियम रुग्णाच्या घरी कोण सांगतो? जुना कागद स्वयंपाकघरात तसाच टांगलेला राहतो. वरणाचे नुसते पाणी, दोन पोळ्या, दुधीची भाजी! त्यात एकादशी आली की साबुदाणा. त्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच, आणि वर घातलेल्या बटाट्यात व दाण्यांत पोटॅशियम भरपूर. एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि त्याच्या पांढऱ्या भागात फॉस्फरस अगदी थोडा असतो. पण अंडे शिवत नाही असे घर अजून कितीतरी आहे. डाळींची भीतीही थोडी अवास्तवच म्हटली पाहिजे. त्यांतला फॉस्फरस शरीरात पुरता शोषला जात नाही. डबाबंद पदार्थांत आणि काळ्या पेयांत मिसळलेला मात्र बहुतेक सगळा शोषला जातो. डाळ किती आणि कशी खावी, हे ज्याच्या त्याच्या रक्ततपासणीवरून आहारतज्ज्ञाने ठरवावयाचे असते. रक्तातील अल्ब्युमिन उतरले तर ते दरवेळी अन्नाच्याच अभावी असेल असे नाही, अंगातला दाहही त्याला कारण होतो; म्हणून तर हे घरच्या अंदाजावर सोडता येत नाही.

सरकारने २०१६ साली राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम जाहीर करून जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी मोफत सोय करण्याचे ठरवले. हे मोठे काम आहे आणि त्याचे श्रेय आम्ही मोकळेपणाने देतो. पण पहाटे तालुक्याच्या गावाहून निघालेला, चार तास यंत्रावर पडून संध्याकाळी चहाबिस्किटावर घरी परतणारा रुग्ण त्या दिवशी काय जेवला, याची नोंद कोणत्या वहीत आहे? क्षयरोग्यांच्या बाबतीत हेच सरकार शहाणे झाले. अन्न हा उपचाराचाच भाग आहे हे मान्य करून २०१८ पासून त्यांना पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १००० झाले. मूत्रपिंडाच्या रुग्णाला हाच न्याय का लावू नये?

आमची मागणी मोठी नाही. डायालिसिसच्या पहिल्याच दिवशी जुना आहारकागद रद्द करून नवा, मराठीत लिहिलेला, हाती द्यावा. दरमहा वजन आणि अल्ब्युमिन पाहून आहारतज्ज्ञाने तो सुधारावा. आणि ज्यांना डॉक्टरांची हरकत नाही, त्यांना बैठकीच्या दिवशी केंद्रातच दोन उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग द्यावा. अंडे चालत नसेल त्याला पनीर द्यावे.